वत्सलाबाईंच्या दारातलं झाड

अंबडच्या कारखान्यांतल्या कामगारांसाठी वसलेल्या त्या नव्या वसाहतीत नळ होते, दिवे होते, सावली तेवढी नव्हती. त्र्याऐंशीचा सुमार. महापालिकेने रस्त्याकडेला लावायला रोपं देऊ केली आणि झाड कोणतं हवं ते तुम्हीच ठरवा म्हणून सांगितलं, तेव्हा माणसं अशी हमरीतुमरीवर आली, जणू घरच्या मुलीचं स्थळच ठरवायचंय! पुरुषांना अशोक हवा होता. सरळसोट, शिस्तीचा, कचरा न करणारा. सहादू मास्तर कडुनिंबाला चिकटून बसले. चिंचेचं नाव निघालं, तर तिच्यावर कोण राहतं यावरच संध्याकाळ गेली.

बायकांना मात्र वड हवा होता. वटपौर्णिमेला बाजारातून फांदी आणून पुजायचा त्यांना वीट आला होता. वडाला जागा लागते ऐसपैस, आणि तशी जागा एकच होती, कोपऱ्यावरच्या वत्सलाबाईंच्या दारासमोर. शेवटी बाकी रस्त्याला इतर झाडं आणि तिथे वड, असं ठरलं.

वत्सलाबाईंचा नवरा सायकलवरून कामाला जाताना अपघातात गेला, त्याला दोन वर्षं झाली होती. तेव्हा याच बायकांनी घरोघरचे डबे आणून त्यांना पंधरवडाभर चुलीकडे फिरकू दिलं नव्हतं, पुढे शिवणकामही मिळवून दिलं. त्यामुळे शेजारच्या विमलाबाई ही बातमी घेऊन आल्या, तेव्हा वत्सलाबाईंना ना हसता आलं, ना नाही म्हणता आलं.

"लय नशिबाची हायेस बघ," विमलाबाई म्हणाल्या. त्या सिन्नरकडच्या. मन मोठं, आवाज त्याहून मोठा. "समद्या वसाहतीचा वड तुझ्या दारात! उद्या येत्यात रोपं."

दुसऱ्या दिवशी रोपांची गाडी आली. दारासमोर खड्डा खणायला लागले, आणि खिडकीशी उभ्या असलेल्या वत्सलाबाईंच्या डोळ्यांपुढे पुढची सगळी वर्षं उभी राहिली. दरवर्षी नटूनथटून बायका इथे जमणार, दोरा गुंडाळत जन्मोजन्मी हाच नवरा मागणार, आणि आपण दार लावून आत. बोलावं तर उपकार विसरली म्हणतील. न बोलावं तर जन्मभर हेच. शेवटी त्यांनी विमलाबाईंना आत बोलावलं.

"ताई, वड नको."

"का गं? वड कुणाला नको असतो?"

"त्या दिवशी मी कुठे जाऊ?"

विमलाबाई उसळल्याच. "आन् हे तू आत्ता सांगतीस व्हय? आमाला अक्कल नव्हती, पर तुला तोंड व्हतं ना!" डोळे मात्र पदराने पुसत होत्या. तशाच त्या बाहेर गेल्या. "वड नाय लावायचा इथं!"

बायका खवळल्या. "अहो, तुम्हीच तर सगळ्यांत पुढे होतात!"

"व्हते. आता नाय. फांदीच पुजू." मग त्या मागे वळल्या. "वत्सला, दार तुझं. झाड तू सांग."

"कडुनिंब घ्या," मास्तरांची बायको समजुतीने म्हणाली. "तुम्हाला तोच बरा."

वत्सलाबाई गाडीपाशी गेल्या. दोन वर्षांत त्यांच्यासाठी लोकांनी पुष्कळ केलं होतं, पण तुला काय हवं, असं कुणी विचारलं नव्हतं. त्यांनी एकेक रोप बाजूला सारून पाहिलं.

"गुलमोहर," त्या म्हणाल्या. "लालभडक फुलतो तो."

मागून कुणीतरी पुटपुटलं, "फुलांचा फार कचरा होतो हो दारात."

"होऊ दे," वत्सलाबाई म्हणाल्या. "मी झाडीन."