उसने कान

आता जे सांगायचं आहे ते कुणी खरं मानणार नाही. पारनेर तालुक्यात तर नाहीच नाही, कारण यात सहादू तात्या आहे, आणि सहादू तात्या 'आज रविवार' म्हणाला तरी माणसं आधी कॅलेंडर बघून घेतात. पण सांगायला हवं. तात्याच्या आयुष्यात एकच गोष्ट खरीखुरी घडली, आणि ती अशी घडली की तिच्यापुढं त्याच्या सगळ्या थापा लंगड्या पडल्या.

तात्याची थाप म्हणजे साधी नव्हे. बहात्तरच्या दुष्काळात गावचा आड इतका खोल आटला की त्यात डोकावून हाक मारली तर तिचा आवाज परत वर यायला दुसऱ्या दिवसाची दुपार व्हायची, आणि बायका त्या आवाजावर भाकरी टाकायला घ्यायच्या. एका साली त्याच्या वावरात असा एक वाटाणा धरला की टेम्पोत मावेना. मग लोटत लोटत बाजाराला काढला आणि उतारावर हातचा सुटला तेव्हा तीन गावची कुत्री त्याच्यामागं पळत होती. वय ऐंशीला टेकलं, दात गेले, बोलणं थांबलं नाही. उलट गेल्या तीन वर्षांत ते फारच वाढलं. तात्या समोरच्याला तोंडच उघडू देईना.

त्याला कारण होतं, आणि ते जगात एकाच माणसाला माहीत होतं. तात्याला ऐकू येत नव्हतं.

कान एकदम गेले नाहीत. आधी पाखरं गेली, मग कुकरची शिट्टी, मग माणसं. डॉक्टरकडं जाऊन मशीन बसवणं तात्याच्या पचनी पडण्यातलं नव्हतं. ज्याच्या तोंडाकडं गाव बघत बसतं त्यानं कानात खुंटी ठोकून हिंडायचं? शिवाय घरात नात जन्मापासून बहिरी. तिची कीव करणाऱ्यांचा त्याला आधीच वीट आला होता. त्यांना आणखी एक गिऱ्हाईक कशाला द्यायचं? म्हणून त्यानं सोपा उपाय काढला. आपणच बोलत राहायचं. जो बोलतो त्याला ऐकावं लागत नाही. घरचे म्हणत, तात्या कुणाचं ऐकत नाहीत. आणि ते पहिल्यापासूनच ऐकत नसल्यामुळं फरक कुणाला कळला नाही.

पण फजिती व्हायची ती झालीच. शेजारच्या आसारामनं एकदा वाटेत थांबवून थोरला भाऊ वारल्याचं सांगितलं, आणि तात्या हसून म्हणाला, "लई बेस झालं. पेढं कवा?"

बरोबर नात होती, प्रज्ञा. तिनं आसारामचे ओठ वाचले, आजोबाचेही वाचले. आणि आजोबाची नजर आसारामच्या तोंडावर कशी चाचपडते आहे तेही पाहिलं. कर्णबधिरांच्या शाळेत नव्यानं आलेली पोरं पहिल्या दिवशी अशीच बघायची. तिनं तात्याचं मनगट धरलं, त्याच्या डोळ्यांपुढं तळहात आडवा केला आणि स्वतःचे डोळे मिटून घेतले. तात्या जागच्या जागी खाली बसला. मग उठून त्यानं आसारामला मिठी मारली ती सोडेचना. म्हातारा भ्रमिष्ट झाला, असं समजून आसारामनं ते पोटात घातलं.

घरी आल्यावर प्रज्ञानं कुणाला काही सांगितलं नाही. लपवायचं तर लपव, पण मग नीट शीक, एवढंच तिचं म्हणणं पडलं. दुसऱ्या दिवसापासून गोठ्यामागं शिकवणी सुरू झाली. तात्याची बोटं म्हणजे वाळलेली मुळं, ती वळेनात. नातीनं ती एकेक करून वळवली. पुढं ग्रामसभा असो, बँक असो, मयत असो, कामाच्या वेळा सांभाळून प्रज्ञा समोर बसलेली असे. मांडीवर तिचे हात हलत. पाण्याचं चाललंय. तुला विचारतायत. आता हसू नको. गाव म्हणे, म्हाताऱ्याची नातीवर माया किती, या वयात तिची भाषा शिकला. तात्या मान डोलवायचा. पण कुणी कुणासाठी काय केलं हे गाव उलटं मांडत होतं, आणि ते त्याला रोज आत कुठंतरी टोचायचं.

अशात त्या नातीचं लग्न निघालं.

प्रज्ञा सुप्याच्या एमआयडीसीत पॅकिंगला होती. रविवारी केडगावात एका चहाच्या टपरीवर जिल्हाभरातले बहिरे जमत. त्यात परराज्यांतून कामाला आलेलेही असत. कुणाच्या घरी हिंदी, कुणाच्या घरी कन्नड, कुणाच्या घरी काय. टपरीवर मात्र हातांचा एकच बाजार भरलेला. तिथं तिला सिंहाचलम भेटला. आंध्रातला, श्रीकाकुळमकडचा, तिच्यासारखाच जन्मापासून बहिरा. मंगळवार आणि वांगं या दोन गोष्टींच्या त्याच्या खुणा वेगळ्या होत्या. दोन रविवारांत त्याही जुळल्या. तिसऱ्या रविवारी टपरीवाल्यानं न विचारता दोघांचे चहा एकाच बाकावर ठेवले.

मुलाचे आईवडील मुलगी बघायला आले. वडील अप्पाराव, आई नरसम्मा. दोघांना तेलुगूशिवाय अक्षर येत नव्हतं. प्रज्ञाचा बाप नितीन, म्हणजे तात्याचा मुलगा, यानं हिंदी काढून पाहिली. ती उंबऱ्यातच संपली. आत आल्यावर भिंतीवरच्या बाबासाहेबांच्या तसबिरीला हात जोडून अप्पाराव "जय भीम" म्हणाले, तेवढ्याला दुभाष्या लागला नाही. पुढं सगळ्याला लागला.

मग व्यवस्था अशी लागली. तात्या मराठीत बोलायचा. प्रज्ञा ते त्याच्या ओठांवरून उचलायची आणि हातांनी सिंहाचलमला द्यायची. सिंहाचलमच्या आईला टपरीवरची भाषा येत नव्हती. मायलेकरांच्या लहानपणापासूनच्या घरगुती खुणा होत्या, त्यांत तो ते तिला सांगायचा. आणि नरसम्मा तेलुगूत नवऱ्याला. उत्तर त्याच वाटेनं माघारी. म्हणजे ज्या दोघांना ऐकू येत नाही त्यांच्यावाचून त्या खोलीतल्या ऐकणाऱ्यांचं पान हलत नव्हतं. चहा देताना प्रज्ञाची आई सविता नितीनला हळूच म्हणालीसुद्धा, की इथं मुकं नक्की कोण आहे?

तात्यानं आठ दिवस मनाशी एकच घोळवलं होतं. लग्न झालं की पोरगी सुप्याला खोली करून राहणार. म्हणजे आपले कान आपण आपल्या हातानं दुसऱ्याच्या घरी द्यायचे. मग मयतीला पेढे मागायला आपण मोकळे. हे सगळं खरं, पण त्या पोरीनं तीन वर्षं मागितल्यावाचून दिलं, आता तिला हवंय त्याला आडवं आपण जायचं नाही, हेही त्यानं ठरवलं होतं. ठरवून टाकल्याच्या आनंदात त्यानं पाहुण्यांना वाटाण्याची गोष्ट पाऊण तास सांगितली. प्रज्ञाचे हात दोनदा हलले.

"एवढंच?" तात्यानं खुणेनं विचारलं.

शेत आहे, वाटाणा पिकतो, असं सांगितलं, ती म्हणाली. आडाची गोष्टही अशीच गाळून 'विहीर आहे' एवढीच पलीकडं पोचली. अप्पाराव गंभीरपणे मान हलवत होते. मराठीत वाटाणा म्हणायलाही पाऊण तास लागतो, असं त्यांना वाटलं असलं तर नवल नाही.

मग अप्पाराव बोलले, आणि नरसम्मानं ते मुलाला सांगताना खाली पाहिलं. सिंहाचलमचे हात अडखळले. प्रज्ञानं आजोबाकडं वळून सगळं जसंच्या तसं दिलं. मुलगी चांगली आहे, घर चांगलं आहे. पण दोघंही बहिरी कशी चालतील? घरात निदान दोन कान तरी हवेत. रात्री लेकरू रडलं तर उठणार कोण? त्यांनी गावाकडं एक ऐकणारी मुलगी पाहून ठेवली होती.

प्रज्ञानं स्वतःच उत्तर दिलं. केडगावात तिच्या ओळखीचं एक बहिरं जोडपं आहे, पाळण्याची दोरी आई मनगटाला बांधून झोपते, मुलगी आता दुसरीत आहे. अप्पारावांनी मान हलवली. दोरी तुटली म्हणजे? आणि निघायच्या बेतानं त्यांनी शेजारची टोपी उचलून मांडीवर घेतली.

सिंहाचलमचे हात मांडीवर पडले. तात्यानं ते पाहिलं. त्याला राहवलं नाही. आणि राहवलं नाही की तात्याला एकच गोष्ट येत असे.

"कानांचंच म्हनता ना पाव्हणं?" तो म्हणाला. "मी हाय की. मी जातो सुप्याला ऱ्हायला. म्हाताऱ्याला झोप असती व्हय? अवो, माझं कान म्हंजी लई तिखट. सुप्यात मुंगी भिंतीवर चढाय लागली तर हितं माझा डोळा उघडतो. मांजर दुधाकडं निसतं बघाय लागलं तरी मला ऐकू येतं."

प्रज्ञाचे हात हलेनात. हे नको, असं तिनं खुणावलं.

"सांग," तात्या म्हणाला.

मग त्या दिवशी पहिल्यांदाच तिनं आजोबाचा शब्दन् शब्द पुढं दिला. मुंगी, भिंत, मांजर, दूध, काही गाळलं नाही. लग्न तिचं होतं आणि थाप त्याची. पण तिच्या डोळ्यांत पाणी होतं, कारण ही थाप त्याला काय भावात पडणार आहे ते तिलाच ठाऊक होतं.

अप्पारावांनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं. पाणी प्यायचं निमित्त करून ते उठले आणि तात्याच्या पाठीमागं मांडणीपाशी गेले. मांडणीत सविताची पितळी परात होती. त्यांनी ती डोक्याइतकी उचलली आणि शहाबादी फरशीवर सोडून दिली.

नितीन अर्धा उठला. नरसम्मानं छातीला हात लावला. सविता स्वयंपाकघरातून धावत आली, गोठ्यातली म्हैस ओरडली. तात्या, प्रज्ञा आणि सिंहाचलम मात्र तसेच बसलेले, आणि तात्या तर मांजराच्या पुढच्या पिढीवर आला होता. सगळे आपल्याकडं असे का बघतायत ते त्याला कळेना. तेवढ्यात लोळत आलेली परात त्याच्या पायाला लागली.

त्यानं परातीकडं पाहिलं. मग नातीकडं. तिनं डोळ्यांनीच सांगितलं, की संपलं.

"तात्या," नितीन म्हणाला, आणि बाप आपल्या ओठांकडं बघतोय हे लेकाला आयुष्यात पहिल्यांदा दिसलं.

अप्पाराव पुढं येऊन तात्याच्या समोर, अगदी गुडघ्याला गुडघा लावून बसले. केव्हापासून, हा प्रश्न बायको, मुलगा, प्रज्ञा करत आला. तात्याला थाप सुचली नाही. हा त्याचा मोठाच अपमान होता.

"तीन वरसं झाली," तो म्हणाला. "ह्या पोरीनं कुनाला कळू दिलं न्हाई. गावात मला हिनं मानसांत ठिवलं. आमी समद्यांनी हिच्यासाठी काय केलं ते लोक सांगत्यात. हिनं माझ्यासाठी केलं ते कुनी सांगितलंच न्हाई. मी पन न्हाई. आज सांगतो. पोरी, तुझं लई उपकार हायेत."

प्रज्ञानं हे पुढं दिलं नाही. ती रडत होती. सिंहाचलमनं तिच्या चेहऱ्यावरून आणि म्हाताऱ्याच्या जोडलेल्या हातांवरून जे समजलं ते आपल्या आईला दिलं, आणि नरसम्माला ते नवऱ्याला सांगायला बराच वेळ लागला.

अप्पाराव परात उलटसुलट करून बघत राहिले. तिला पोचा आला होता. मग ते बोलले, आणि त्यांचं बोलणं माघारी आलं ते असं: मी या घरात तीन तास बसलो. जेवलो, शेताचं बोललो, विहिरीचं बोललो. समोरचा माणूस बहिरा आहे हे परात पडेपर्यंत मला समजलं नाही. पोराला या घरात काय कमी पडेल ते आता मलाच सांगता येत नाही. तारीख तुम्ही काढा.

सविता साखर आणायला आत पळाली. नितीननं बापाच्या खांद्यावर हात ठेवला. सिंहाचलमनं आईला काहीतरी विचारलं आणि तिनं त्याच्या गालावर चापटी मारली. तात्याचे डोळे भरले होते आणि ते पुसायला त्याच्याकडं एकच फडकं होतं, थापेचं.

"तसं म्हनाल तर," तो घसा खाकरून म्हणाला, "परात मी ऐकली हुती. पर पाव्हण्याच्या हातनं पडली, मागं वळून कसं बघायचं? त्यास्नी लाज वाटंल म्हनून मी आपला..."

प्रज्ञाचे हात अजून डोळ्यांवरून खाली आले नव्हते. मधला एकही दुभाष्या हलला नव्हता. तेलुगूत खोट्याला काय म्हणतात हे तात्याच्या घरात कुणाला माहीत नव्हतं, आणि विचारायची गरजही पडली नाही, कारण अप्पारावांनी तात्याच्या तोंडाकडं एकदा पाहिलं, आणि ते शेजारच्या आसारामलाही ऐकू जाईल एवढ्या मोठ्यानं, हसत हसत म्हणाले,

"अबद्धम!"