वच्छलाबाईचा निरोप्या

मी एक कासव. बोलतोय म्हटलं की माणसं आधी हसतात, मग घाई करतात. हसा हवं तर, पण घाई करू नका. मला माझ्या चालीनंच सांगता येतं.

माझ्या पाठीवर काळ्या ढालींत पिवळ्या रेघांच्या चांदण्या आहेत. माझा जन्म दूर तिकडं काठेवाडातल्या एका काटेरी माळावर झाला. आई-बाप मला आठवत नाहीत. आमच्यात ती पद्धतच नाही. अंडं फोडून बाहेर यायचं आणि चालू लागायचं. मी चालू लागलो तो थेट एका मेंढपाळणीच्या हाती सापडलो. तिनं मला टोपलीत घातलं, टोपली उंटावर चढवली आणि मेंढ्यांच्या मागं आम्ही वऱ्हाडात आलो.

महाराष्ट्र राज्य होऊन तेव्हा दोनेक वर्षं झाली असतील. वरवट बकालच्या शिवारात शेषरावांच्या वावरात मेंढ्या बसल्या होत्या. लेंडीखतासाठी लोक मेंढ्या बसवून घेतात. मेंढपाळणीची दोन कोकरं आजारी होती. शेषरावांची सून वच्छलाबाई रोज त्यांच्यासाठी लांबून गोडं पाणी आणून द्यायची, कारण त्या भागातल्या विहिरी खाऱ्या. कोकरं वाचली. जाताना मेंढपाळणीनं मला उचललं आणि वच्छलाबाईच्या ओटीत टाकलं. मला कुणी विचारलं नाही, पण विचारलं असतं तरी मी नाही म्हटलं नसतं. ओटी मऊ होती.

घरात माणसं तीनच. शेषराव, त्यांचा मुलगा उकंडराव आणि त्याची बायको वच्छलाबाई. सासू लग्नाआधीच वारलेली. मूलबाळ नव्हतं. आता घर म्हटलं की माणसं एकमेकांशी बोलत असतील असं मला वाटलं होतं. पण सून सासऱ्याशी बोलत नसे. भांडण नव्हतं, रीत होती. पदर कपाळाच्या खाली ओढायचा, सासरा ओसरीवर असला तर दाराआड उभं राहायचं आणि जे काही सांगायचं ते नवऱ्याकरवी सांगायचं. उकंडराव तर दिवसभर वावरात किंवा बाजारात. मग सांगायचं कोणाकरवी?

मी येण्याआधी ती उखळाला सांगायची, मांजराला सांगायची. मांजर निघून जायचं. मी जात नव्हतो. म्हणजे जात होतो, पण माझं जाणं कुणाच्या लक्षात येईपर्यंत तिचं बोलणं संपायचं.

“कासवा,” ती दाराआडून म्हणायची, “मामाजीले सांगजो, भाकर थंडी होऊन राह्यली.”

ओसरीवरून शेषराव माझ्याकडं पाहत म्हणायचे, “आलोच म्हणाव तिले.”

असा मी त्या घराचा निरोप्या झालो. वांगी तोडायला आली, गाय दूध देईना, मिरचीवर रोग पडला, सगळं माझ्या पाठीवरून गेलं. शेषराव तापानं पडले तेव्हा काढ्याची वाटी उंबऱ्यावर ठेवून ती मलाच दटावायची की कडू लागला तरी सगळा प्यायचा. मी काढा प्यालो नाही, ते मुकाट प्याले. अशी सहा वर्षं गेली.

मला ती आवडायची. हे सरळच सांगतो. तिची पावलं मला जमिनीतूनच कळत. उकंडरावांची पावलं धपधप, शेषरावांची काठीसकट तीन, आणि तिची जोडव्यांची, पुढच्या बोटांवर भार देऊन पडणारी. ती आली की माझी मान आपोआप बाहेर यायची. ती मला आंबाडीचा पाला द्यायची, वांग्याची देठं द्यायची, हिवाळ्यात चुलीजवळच्या पाट्याशी सरकवून ठेवायची. पावसाळ्यात एकदा अंगणात पाणी साचलं आणि मी त्यात गटांगळ्या खाल्ल्या. तिनं मला उचलून पदरानं पुसलं. तेव्हापासून तिनं माझं पाणी खापराच्या उथळ तुकड्यात ठेवलं. मला पोहता येत नाही हे त्या घरात तिला एकटीला ठाऊक होतं.

पण एक गोष्ट मला टोचत होती. बोलताना ती माझ्याकडं बघायची, आवाज मात्र ओसरीकडं जायचा. माझ्या डोक्यावरून. मी तिचा कोणी होतो, की नुसता बोलायचा आडोसा होतो? कासवाला असले प्रश्न पडतात, कारण त्याला वेळ असतो.

सातव्या वर्षी शेषरावांनी मळ्यात नवीन विहीर खणली. सात परस, म्हणजे सात माणसांच्या उंचीइतकं, खाली पाणी लागलं. शेषराव स्वतः उतरले, ओंजळभर प्याले आणि वर येऊन नुसतेच बसून राहिले. पाणी गोडं होतं. साऱ्या शिवारात खारं आणि यांच्या विहिरीत गोडं. त्या माणसाला इतका आनंद झालेला मी कधी पाहिला नव्हता.

आता तिकडं रीत अशी की नव्या विहिरीत कासव सोडायचं. कासव किडे खातं, पाणी निवळ राहतं, विहिरीला बरकत येते. नदीतली, डोहातली कासवं लोक आणून सोडतात आणि ती मजेत राहतात. शेषरावांनी विचार केला, घरचं कासव असताना डोह कशाला धुंडाळायचा? त्यांच्या लेखी कासव म्हणजे पाण्याचं जनावर. सहा वर्षं आपण त्याला कोरड्यात ठेवलं याचंच त्यांना वाईट वाटत होतं. त्यांच्या मनात कपट नव्हतं, हे मी आजही सांगतो.

पूजेच्या सकाळी वच्छलाबाई चुलीपुढं नैवेद्याच्या गडबडीत होती. शेषरावांनी मला उचललं, पाठीवर हळद-कुंकू लावलं आणि बादलीत ठेवून मळ्यात नेलं. चार-पाच शेजारी जमले होते. उकंडराव नारळ आणायला बाजारात गेले होते, ते अजून आले नव्हते.

मला बादलीतून फक्त आभाळाचा गोल दिसत होता. मग जमीन किंचित हलली आणि मला जोडवी कळली. ती नैवेद्याचं ताट घेऊन आली होती. तिनं बादलीत पाहिलं. तिचा चेहरा पदराच्या सावलीत होता, तरी मला दिसला. तिनं इकडं पाहिलं, तिकडं पाहिलं. नवरा नाही. भोवती सगळी बाप्यामाणसं. आणि ज्याच्याकरवी निरोप द्यायचा तो मी, दोराला बांधलेल्या बादलीत.

बादली खाली गेली. पाणी कडेवरून आत आलं आणि मी बाहेर पडलो. थंड होतं. पाय मारले, पण खाली काही नव्हतं. माझे पाय जमिनीसाठी केलेले आहेत, खांबासारखे. नाकात पाणी गेलं. मी जीव सोडायला फार वेळ घेतो, तसा तिथंही घेत होतो, पण खाली चाललो होतो एवढं खरं.

तेव्हा वरून तिचा आवाज आला. तो आवाज घरच्या दोघांखेरीज त्या गावातल्या एकाही पुरुषानं तोवर ऐकला नव्हता.

“मामाजी, काढा त्याले. बुडून राह्यलं ते. जमिनीवरचं जनावर हाय.”

नंतर शेजारी सांगत की शेषराव सुनेकडं बघतच राहिले, आणि जमलेल्या सगळ्यांना वाटलं आता हा म्हातारा ताट उधळतो. शेषरावांनी काठी टाकली, धोतर खोचलं आणि कपारीत पाय रोवत साठीतला तो माणूस विहिरीत उतरला. पाणी त्यांच्या छातीइतकं होतं. त्यांनी बुडी मारून मला तळातून काढलं, मुंडाशात बांधलं आणि वर आणलं. मला उताणं-पालथं केलं, नाकातोंडातलं पाणी गळू दिलं. बऱ्याच वेळानं मी एक पाय हलवला. वच्छलाबाई रडत होती आणि पदर खांद्यावर आला होता. कुणी तिला तो सावर म्हटलं नाही.

शेषराव निथळत बसले होते. त्यांनी विचारलं, “आधी काऊन नाई सांगतलं, बाई?”

ती म्हणाली, “सांगू कोणाले? ज्याले सांगत होती, तेच तुमच्या बादलीत होतं.”

शेषरावांनी ओलं मुंडासं पिळलं. मग म्हणाले, “आता मलेच सांगत जाय.”

त्या दिवसापासून ती दोघं बोलू लागली. आधी चार शब्द, मग आठ, मग तर भाजीच्या भावावरून वादसुद्धा. शेषरावांना बोलायला आवडतं, हे घराला तेव्हा कळलं. चांगलंच झालं. पण माझं काय? भाकर थंड झाली की ती सरळ हाक मारायची. काढा थेट हातात द्यायची. दिवस दिवस माझ्या नावानं कुणी काही म्हणेना. विहिरीत बुडलो तेव्हा इतकं वाईट वाटलं नव्हतं. माझ्या मनातल्या प्रश्नाचं उत्तर मिळालं असं मी समजलो. आडोसाच होतो मी. मी कणगीच्या मागं जाऊन बसलो आणि पाला खायचं सोडलं.

चौथ्या दिवशी दुपारी जोडवी आली. शेषराव मळ्यात होते, उकंडराव गावाला. ऐकायला घरात कुणीच नव्हतं. ती कणगीच्या मागं फतकल मारून बसली आणि मला मांडीवर घेतलं. बोलली ते इतकं हळू, की ओसरीच काय, चुलीपर्यंतही गेलं नसतं.

“वच्छला माझं नाव नाई रे,” ती म्हणाली. “लग्नात मालकायनं तांदळात लिवलं ते. माय मले दुसऱ्याच नावानं हाक मारे. माय मेली, आता ते नाव कोणालेच ठाऊक नाई. तुले सांगू?”

आणि तिनं सांगितलं.

मी पाला खाल्ला, हे वेगळं सांगायला नको.

याला आता आठ वर्षं झाली. शेषराव गेल्या साली गेले, सुनेच्या हातचं शेवटचं पाणी पिऊन. मी म्हातारा नाही, पण तिचे केस पिकू लागले. आम्ही मागं उरतो, हे कासवांचं दुःख आहे आणि त्यावर माझ्याकडं उपाय नाही. तुमच्या घरात एखादं मुकं जनावर असेल, तर त्याच्या डोक्यावरून बोलू नका. कधीतरी त्याच्यापुरतंच बोला. त्याला कळतं.

ते नाव मी तुम्हाला सांगणार नाही. मला ते उच्चारताही येत नाही. म्हणून रोज दुपारी तीच एकदा ते हळूच म्हणते आणि मी मान बाहेर काढतो. परवा उकंडरावांनी दारातून ऐकलं आणि म्हणाले, “कासवाचं नाव मोठं गोड ठेवलं तू.”

ती माझ्या पाठीवरून हात फिरवत राहिली.