डिकीतली जागा

नव्या गाडीला स्टेपनी नाही, हे मला पूजा आटोपल्यावर कळलं. चारही चाकांखाली लिंबं फुटली होती, शेजाऱ्यांना पेढे वाटून झाले होते, आणि मी जुन्या सवयीने डिकी उघडून तळाचा पुठ्ठा उचलला. खाली चाक नव्हतं. एक प्लास्टिकचा डबा होता आणि एवढासा पंप.

"बाबा, आता असंच येतं," तेजस म्हणाला. तेजस माझा मुलगा, द्रोणागिरीत एका गोदामावर सुपरवायझर आहे. "पंक्चर झालं की डब्यातला फेस टायरमध्ये सोडायचा, वर हवा मारायची. स्टेपनीचं वजन वाचतं ना. बॅटरी जास्त चालते."

"मग सीटं पण काढून ठेव. आणखी चालेल," मी म्हटलं.

मी तीस वर्षं बंदराच्या रस्त्यावर गाडी हाकली आहे. आधी टेम्पो, मग कंटेनरचा ट्रेलर. त्या रस्त्यावर खिळे, पत्र्याच्या पट्ट्या, लोखंडाचे तुकडे असं काय काय पडलेलं असतं ते मला विचारा. साबणाच्या फेसावर विश्वास ठेवून मी उरणच्या बाहेर पडणार नव्हतो. तेजसने पुष्कळ समजावलं. पण आम्ही आगरी माणसं, एकदा डोक्यात घेतलं की घेतलं. दुसऱ्याच आठवड्यात मी तुर्भ्याला सुगतच्या टायरच्या दुकानात गेलो आणि पूर्ण किट बांधून घेतलं. बारीक चाक, जॅक, पाना आणि चाक हलू नये म्हणून जाड पट्टा.

सुगतने तेव्हाच सांगितलं होतं. "काका, या गाडीला चाकासाठी खाली खड्डाच दिलेला नाही. चाक वरच बसणार. डिकी गेली समजा."

"जाऊ दे. डिकीत काय दागिने ठेवायचेत?" मी म्हटलं.

दागिने नव्हते, पण खुर्ची होती. गाडी घेतली होती ती मुळात भागीरथीसाठी. माझ्या बायकोला दीड वर्षापूर्वी अर्धांगवायूचा झटका आला आणि तिची उजवी बाजू गेली. बोलते, पण सावकाश. तिला कुठेही न्यायचं तर चाकांची खुर्ची बरोबर लागते. ती घडी घालून मागच्या सीटवर ठेवायला गेलो, तर चाक बसवलं त्याच आठवड्यात पाय ठेवायच्या पट्टीने नवीन सीट वीतभर फाटलं. तेजसचं तोंड एवढंसं झालं. त्यानंतर खुर्ची फक्त डिकीत. आणि डिकीत आता चाक. इथेच घोडं पेंड खायला लागलं.

मी त्यावर माझा तोडगा काढला. जवळ जायचं, उरणच्या दवाखान्यात किंवा बाजारात, तर चाक उतरवून खुर्ची घ्यायची. लांबच्या रस्त्याला, जिथे पोचल्यावर हात लावायला माणसं आहेत, तिथे खुर्ची घरी आणि चाक बरोबर. ड्रायव्हरच्या डोक्याने हा हिशोब चोख होता. भागीरथीला मी विचारलं नव्हतं. विचारायचं असतं हे मला सुचलंसुद्धा नाही.

मागच्या महिन्यात एका बुधवारी संध्याकाळी सारसोळ्याहून शिवतेजचा फोन आला. त्याची आई पुतळा गेली. पुतळा म्हणजे भागीरथीची धाकटी बहीण. दोन भाऊ होते, ते आधीच गेले. माहेरचं म्हणावं असं भागीरथीला पुतळा आणि पुतळाला भागीरथी, एवढंच उरलं होतं.

आमच्यात बाई गेली की तिला शेवटचं लुगडं माहेरचं नेसवतात. सासरच्यांनी आयुष्यभर कितीही नेसवलेलं असो, शेवटचं माहेरहून येतं, आणि ते आल्याशिवाय तिला उचलत नाहीत. पुतळाचा नवरा हयात आहे, तेव्हा लुगडं हिरवं पाहिजे. हे आणायला आता जगात एकटी भागीरथी उरली होती. ती रात्रभर झोपली नाही आणि रडलीही नाही. एकदाच म्हणाली, "मीच नेसवनार तिला. एका हातान नेसवीन."

सकाळी उरणच्या बाजारात दुकान उघडायच्या आधी मी पायरीवर उभा होतो. हिरवं लुगडं, खण, बांगड्या, हळदकुंकू घेतलं. एक वाजता उचलायचं ठरलं होतं. पुतळाला रात्रभर बर्फाच्या पेटीत ठेवली होती आणि स्मशानात त्यांच्यामागून दुसऱ्या मयताचा नंबर लागलेला होता. तेजस कामासाठी नाशिकला होता, तो तिकडूनच निघाला. मी शेजारच्या दोघांना हाक मारून भागीरथीला पुढच्या सीटवर बसवलं, लुगडं तिच्या मांडीवर दिलं आणि डिकीपाशी आलो.

चाक आत होतं. खुर्ची ओट्यावर उभी होती. मी दोन्हीकडे पाहिलं. बंदराचा रस्ता, वीस-पंचवीस किलोमीटर. सारसोळ्याला शिवतेज आणि त्याचे चार चुलतभाऊ, मावशीला उचलून आत नेतील. मी डिकी बंद केली. साडेदहाला निघालो.

गव्हाण फाट्याच्या अलीकडे टायर फुटला. कंटेनर बांधायची पोलादी पट्टी पडली होती. ती मला दिसली, पण डावीकडे ट्रेलर, उजवीकडे ट्रेलर, मी काय करणार? गाडी कशीबशी कडेच्या भरावावर घेतली. उतरून पाहिलं तर पुढचं डावं चाक बसलं होतं, आणि टायर कुशीला चार बोटं चिरला होता. अकरा वाजून दहा मिनिटं झाली होती.

मी खरं सांगितलं पाहिजे. त्या क्षणी मला बरं वाटलं. मी खिडकीत वाकून भागीरथीला म्हटलं, "बघ. कूस फाटलीय. त्या फेसाने काय झालं असतं? म्हणून स्टेपनी लागते." शिवतेजला फोन करून सांगितलं की पंक्चर आहे, पंधरा मिनिटांचं काम, टेन्शन घेऊ नको. तो म्हणाला, काका, पोरं पाठवू का? मी म्हटलं, अरे, मी काय काल गाडी शिकलो? मग डिकीतून चाक काढलं, जॅक काढला, पाना घेतला, आणि डावीकडे आलो तर माझ्यासमोर भागीरथी बसलेली.

माणूस आत असताना जॅक लावायचा नाही. हा नियम मला कुणी पुस्तकातून शिकवलेला नाही. टेम्पोवर असताना माझ्या जोडीदाराचा उजवा पंजा चाकाखाली गेला. आत झोपलेला माणूस कुशीवर वळला, एवढंच झालं होतं. तेव्हापासून जॅकला हात लावायच्या आधी मी सगळ्यांना उतरवतो, देवालासुद्धा उतरवीन. पण भागीरथीला उतरवून ठेवू कशावर? खुर्ची ओट्यावर होती.

मी तिथे पाना हातात घेऊन उभा राहिलो.

गाडी कंपनीच्या नंबरावर फोन लावला. बाईने गोड आवाजात नव्वद मिनिटं सांगितली. मोबाइलवरून टॅक्सी बोलावली. एकाने घेतली आणि दोन मिनिटांत रद्द केली, दुसऱ्याने घेतलीच नाही. ज्या डब्याला मी दोन महिने हसत होतो तो शेवटी काढला आणि फेस आत सोडला. सगळा फेस चिरेतून बाहेर आला आणि माझ्या चपलांवर पसरला. भागीरथी खिडकीतून पाहत होती.

एक ट्रेलरवाला थांबला. गाझीपूरचा, चांगला माणूस. त्याने स्वतःहून विचारलं आणि आम्ही दोघांनी तिला उचलायचं ठरवलं. त्याने खांद्याखाली हात घातले, मी पाय धरले. पण तिचा उजवा पाय डॅशबोर्डखाली अडकला, ती सरकली आणि कंबर दाराच्या कडेवर आपटली. तिने ओठ दाबून धरला, ओरडली नाही. मला पुढे रेटवेना. माझं हर्नियाचं ऑपरेशन झालेलं. आम्ही तिला परत आत बसवलं. मागून हॉर्न सुरू झाले होते आणि त्याची बंदराच्या गेटवरची वेळ चुकत होती. तो दोनदा माफ करा म्हणाला आणि गेला.

बारा वाजायला आले होते.

"मी आत बसतंय," भागीरथी म्हणाली. "तुमी लावा जॅक."

"नाही. माणूस आत असताना नाही."

"मी हलनार नाय. मना कुठं हलता येतं?"

तिने हे चिडून म्हटलं नव्हतं. म्हणून जास्त लागलं. मी म्हटलं, तुला काही झालं तर? ती म्हणाली, "तुमचा नियम हाय, त माझी बहीन हाय."

मी जॅक लावला. आयुष्यात पहिल्यांदा माणूस आत ठेवून लावला. पण तो रस्ता खाडीतल्या भरावाचा. कडेला वर मुरूम आणि खाली सगळा चिखल. गाडी दोन बोटं वर आली आणि जॅकच खाली जायला लागला. उतरवला, दुभाजकाचा तुटका दगड शोधून आणला, त्यावर ठेवून पुन्हा फिरवला. चाक जमिनीवरून सुटतंय असं वाटलं आणि दगड दुभंगला. गाडी धाडकन खाली आली. आतून भागीरथीचा आवाज आला, शब्द नव्हता, नुसता आवाज. मी धावत दाराशी गेलो. तिला काही झालं नव्हतं. डाव्या हाताने तिने लुगड्याचं पुडकं छातीशी धरलं होतं. पण मला पुन्हा जॅकला हात लावायची हिंमत झाली नाही. तीस वर्षांचा ड्रायव्हर मी, चाक शेजारी पडलेलं, पाना हातात, आणि मला चाक बदलता येत नव्हतं.

सव्वाबाराला मी शिवतेजला फोन करून खरं सांगितलं, पोरं पाठव. पोरं लगेच निघाली. अकरा वाजता तो स्वतः विचारत होता तेव्हा हो म्हटलं असतं तर एव्हाना भागीरथी बहिणीपाशी असती. आता उलव्याच्या पुढे जाम लागला होता. साडेबाराला पोरांचा फोन आला, काका, जागेवरून हलत नाही. पावणेएकला पुन्हा आला, तेच. कंपनीचा माणूसही पोचला नव्हता. समोरच्या बाजूला ट्रेलरची रांग मला दिसत होती, आणि त्या रांगेत कुठेतरी ती पोरं बसली होती.

मी भागीरथीशेजारी ड्रायव्हरच्या सीटवर जाऊन बसलो. गाडी सुरू केली तर गारवा आला, तेवढंच मला तिच्यासाठी करता येत होतं. माझं चुकलं, मी म्हटलं. तिने ऐकलं की नाही, कळलं नाही.

एक वाजून दहा मिनिटांनी शिवतेजचा व्हिडिओ कॉल आला. मागे बायकांचं रडणं चालू होतं. त्याचा चेहरा रडून सुजला होता.

"मावशी, स्मशानवाल्यांचा दोनदा फोन आला. दीडला दुसरी बॉडी येतेय. आता थांबवता येत नाय," तो म्हणाला. "गीतांजलीने एक हिरवी साडी आणून ठेवलीय. पण म्हाताऱ्या बायका हात लावू देत नायत. बोलतात, माहेरचा शब्द पाहिजे. तू हो बोल, मावशी. मग नेसवतो."

गीतांजली म्हणजे त्याची बायको. तिने फोन हातात घेतला आणि पुतळाच्या तोंडासमोर धरला. कपाळभर कुंकू, नाकात कापूस. हनुवटी भागीरथीची होती तशीच, अगदी तशीच.

भागीरथी बघत राहिली. तिकडे कुणीतरी गप्प बसा म्हणालं आणि रडणं थांबलं. सगळं घर तिच्या एका शब्दासाठी थांबलं होतं. तिने डाव्या हाताने मांडीवरचं पुडकं उचललं आणि फोनच्या समोर नेलं, पुतळाला दाखवायला. हात तेवढा वेळ टिकला नाही. पुडकं सरकलं, मी ते धरलं.

"मावशी, बोल ना. नेसवू का?" शिवतेजने विचारलं.

तिने मान माझ्याकडे वळवली. चाळीस वर्षांच्या संसारात ती माझ्यावर रागावली आहे, रुसली आहे, दोन-दोन दिवस बोललेली नाही. असं तिने माझ्याकडे कधी पाहिलं नव्हतं.

"तुमी सांगा," ती म्हणाली. एकेक शब्द सुटा करून म्हणाली. "खुर्ची तुमी ठेवलीत. सांगा आता तुमीच."

मी म्हटलं, भागी, तुझा शब्द पाहिजे, मी कोण? तिने ओठ मिटले. तिकडे शिवतेज हॅलो हॅलो करत होता. मी फोन घेतला.

"नेसवा," मी म्हटलं.

पलीकडून एका म्हातारीचा आवाज आला, "कोन बोल्ला? माहेरचा कोन हाय तो?"

शिवतेजला माझं नातं सांगता येत होतं, पण ते माहेरचं नव्हतं, आणि तो ते सांगायला धजत नसावा.

"तिची बहीण सांगतेय," मी म्हटलं. "बहीण म्हणते, नेसवा."

माझ्या शेजारी तिची बहीण खिडकीकडे तोंड करून बसली होती.