सतरा मे, कामाचा दिवस

मित्रांनो, माझ्यावर सध्या एक विटलेली चादर टाकलेली आहे, म्हणून आधी ओळख सांगतो. मी बारामतीतील एका बांधकाम ठेकेदाराच्या कार्यालयातला संगणक आहे. माझे भाग पुण्यात एका टेबलावर जोडले गेले आणि ऑगस्ट १९९५ मध्ये जीपच्या मागच्या सीटवर दोन उशांच्या मध्ये बसून मी इथे आलो. माझ्या खोलीत चपला घालून यायला बंदी होती. दसऱ्याला माझी पूजा झाली, थोडे कुंकू कळफलकात गेले आणि तेव्हापासून माझे एक बटण अडखळू लागले. पण त्या दिवसांत माझा मान मोठा होता.

मालक दादासाहेब यांनी मला पत्रे टाइप करायला आणले नव्हते. माझ्यात मोठ्या कामांचे वेळापत्रक आखणारा एक प्रोग्राम होता. काम कोणते, किती दिवसांचे, कशानंतर कोणते आणि त्याला कोण माणसे लागतील, एवढे भरले की मी पडद्यावर प्रत्येक कामाची आडवी पट्टी काढत असे. जे काम एक दिवस लांबले तर सगळेच एक दिवस लांबणार, त्याची पट्टी लाल होत असे. सर्वांत खाली, काम कधी संपेल ती तारीख येई.

तो प्रोग्राम चालवणे फक्त कौसल्याला जमत असे. ती कोऱ्हाळे बुद्रुकची, बावीस वर्षांची. तिच्या घरी पूर्वी मेंढरे होती. तिचे वडील बिरू आबा यांनी कळप विकून विहिरी खोदणाऱ्या नऊ जणांची टोळी उभी केली होती आणि त्याच कष्टावर मुलीला बांधकामाचा डिप्लोमा मिळवून दिला होता. दादासाहेबांनी तिला परीक्षा म्हणून ठेवले होते. ते तिला स्पष्ट म्हणाले होते, "पहिलं काम तुझ्या तारखेला संपलं तर तू कायम. न्हाय संपलं तर आपली वही-पेन्सिल बरी, अन् तू आपल्या घरी बरी."

ते पहिले काम म्हणजे इंदापूर तालुक्यात भीमेच्या काठावर उपसा योजनेसाठी बांधायची एक मोठी विहीर. जूनमध्ये नदीचे पाणी वाढण्याआधी ती पूर्ण व्हायला हवी होती. खोदाई बिरू आबांच्या टोळीकडेच होती. काम सुरू होणार होते वीस फेब्रुवारी १९९६ ला.

मी पुण्याहून येताना माझ्या वेळापत्रकात रविवारची सुट्टी घेऊन आलो होतो. कौसल्याने वडिलांना विचारले, तेव्हा ते म्हणाले, "रविवारी आमी कशाला घरी बसू? आमची सुट्टी बाजारची, गुरुवारी. अन् आवसंला टोळी विहिरीत उतरत न्हाय. हे माझ्या बापापासनं हाय."

कौसल्याने रविवार काढून गुरुवार बंद केला. मग भिंतीवरचे कॅलेंडर उतरवून तिने तीन अमावास्या शोधल्या: एकोणीस मार्च, सतरा एप्रिल, सतरा मे. तिन्हींवर तिने सुट्टीची खूण केली. मी हिशेब केला आणि तारीख दाखवली, तीन जून.

दादासाहेबांनी योजनेच्या लोकांना एकतीस मे सांगून ठेवली होती. ते चार पाहुण्यांना घेऊन माझ्यासमोर उभे राहिले.

"हे तीन दिवस कसले रिकामे?"

"अमावास्या आहेत, सर."

"मी कॉम्प्युटर आणलाय का पंचांग?" दादासाहेब म्हणाले आणि पाहुणे खो खो हसले. "मशीनला कसली आली अमावास्या? काढ ते."

कौसल्याने एकदा त्यांच्याकडे पाहिले. मग तिने तिन्ही खुणा काढल्या. माझी लाल पट्टी मागे सरकली आणि तारीख एकतीस मे झाली. पाहुण्यांनी माना डोलावल्या. एकाने तर मला नमस्कार केला. मला त्याचा अभिमान वाटला, हे मी लपवणार नाही.

मित्रांनो, एकोणीस मार्चला टोळी कामावर आली नाही. सतरा एप्रिललाही आली नाही. खुणा काढल्याचे त्यांना कुणी सांगितलेच नव्हते. कौसल्या दर आठवड्याला खरे झालेले काम माझ्यात भरत असे. दोन दिवस घसरले आणि तारीख दोन जूनवर गेली.

"तुझी मशीन खोटी का तुझा बाप खोटा, ते एकदा ठरव," दादासाहेब म्हणाले. ते रागीट नव्हते. ते हे हसत म्हणाले. पण कौसल्या त्या दिवशी डबा न उघडताच घरी गेली.

सोळा मे हा गुरुवार होता. बाजार उरकून बिरू आबा पहिल्यांदाच कार्यालयात आले. चपला त्यांनी पायरीवर काढल्या आणि भाजीची पिशवीही बाहेरच ठेवली. त्यांचे पाय इतके भेगाळलेले होते की फरशीवर चालताना खरखर होई.

"ह्योच का तो? बोलत तर न्हाय काय."

"बोलत न्हाय आबा, दाखवतो."

"मग आमी कुठं हाय ह्यात?"

कौसल्याने लाल पट्टीवर बोट ठेवले. "ही तुमची खोदाई. अन् हितं तुमचं नाव." नाव इंग्रजी अक्षरांत होते. त्यांना ते वाचता आले नाही, पण ते वाकून बराच वेळ पाहत राहिले.

"लाल का गं? आमी काय चुकलो?"

"चुकला न्हाय. तुमी थांबला की सगळं थांबतं, म्हणून लाल."

ते खूश झाले. "बघ, मेंढरामागं हिंडणारा मी, अन् सगळं माझ्यापाशी थांबतंय." मग त्यांनी आवाज खाली आणला. "दोन दिवस मागं पडलोय म्हणं. दादासाहेब तुला ठेवत्याल का?"

तिने कळफलकावरची धूळ बोटाने पुसली.

"उद्याचा दिवस ह्यात कामाचा हाय का सुट्टीचा?"

"कामाचा. पण आबा, उद्या आवस हाय."

"ते मला म्हाईत हाय. उद्या उतरतो, अन् फुडचे दोन बाजार सोडतो. मग येतीया का तुझी तारीख?"

कौसल्याने ते माझ्यात भरले. मी क्षणात सांगितले, एकतीस मे. कौसल्याने ती तारीख वाचली आणि आबा हसले.

"टोळी येईल का?" तिने विचारले.

"येत्याल की. मी उतरल्यावर न्हाय कोण म्हणतंय?"

"तसलं काय करू नका, आबा. जाऊ द्या माझी नोकरी."

"गप. शिकवलं कशासाठी मग?"

त्यांनी माझ्या पडद्याला दुरूनच हात जोडले आणि ते पिशवी उचलून गेले.

पुढचे मी पाहिले नाही. मला ते म्हस्कूकडून कळले. तो टोळीतला यारीवाला, म्हणजे विहिरीतला राडारोडा दोराने वर ओढणाऱ्या यंत्रावर उभा राहणारा माणूस. अठरा मेला तो याच खोलीत, याच फरशीवर बसून दादासाहेबांना सांगत होता.

"नऊ जणांतनं आमी तिघंच आलो, साहेब. बाकीचे म्हणाले, आवस हाय, जीव गेला तरी उतरणार न्हाय. आबा म्हणाले, तिघं तर तिघं. मी यारीवर. आबा अन् किसन खाली. रोज काठावर एक जण उभा असतोय, भिंत बघत. माती सुटाय लागली की वरडतोय. काल त्या जाग्यावर कोणच नव्हतं. किसन पाटीत बसून वर येत हुता अन् पूर्वेची भिंत ढासळली. आबा खालीच हुते."

मित्रांनो, गावात पुष्कळ लोक म्हणाले की अमावास्या भोवली. मी तारखांचे यंत्र आहे, म्हणून नेमके सांगतो. अमावास्येने काही केले नाही. नऊ माणसांच्या कामाला तीन माणसे उतरली आणि काठावर कुणी नव्हते. माझ्यात त्या दिवसासमोर नऊच माणसे लिहिलेली होती. मी ती हजर धरली होती.

चौथ्या दिवशी कौसल्या आली. तिला बोलावणे पाठवावे लागले होते, कारण नदी थांबणार नव्हती आणि नवी तारीख काढायला दुसरे कुणी नव्हते. दादासाहेबांनी स्वतः तिच्यासाठी खुर्ची ओढली.

"नवा मुकादम घालायचाय, पोरी. म्हस्कूला घाल."

तिने माणसांची यादी उघडली आणि वडिलांच्या नावावर आली. मी माझ्या सवयीप्रमाणे विचारले की हे नाव काढून टाकायचे, नक्की का? हा प्रश्न मी सर्वांना विचारतो. त्या दिवशी तो विचारला नसता तर बरे झाले असते, पण तसे मला करता येत नाही. तिचे बोट बटणावर बराच वेळ होते. मग तिने ते दाबले.

मी सगळा हिशेब पुन्हा केला. ढासळलेली माती काढण्याचे दिवस वेगळे, बंद पडलेल्या कामाचे वेगळे. आणि बिरू आबा नसल्यामुळे वाढणारे दिवस मी वेगळे दाखवले. ते दोन होते.

कौसल्या त्या आकड्याकडे पाहत राहिली.

"दोनच दिवस, सर?" ती म्हणाली. "माझे आबा नसले तर दोनच दिवस जास्त लागतात?"

दादासाहेब खिडकीकडे तोंड करून उभे होते. ते न वळताच म्हणाले, "बंद कर ते. माझी चूक झाली, कौसल्या."

"त्या अमावास्या काढताना बटण मी दाबलं होतं, सर."

विहीर नऊ जूनला पूर्ण झाली. पाणी त्यानंतर वाढले. योजना सुरू झाली, ऊस उभा राहिला, आणि त्यात कुणाला काही खोट काढता आली नाही. दादासाहेबांनी कौसल्याला कायम केल्याचे पत्र माझ्यावरच टाइप करून घेतले, एका अक्षराला दोन मिनिटे लावणाऱ्या कारकुनाकडून. ते द्यायला ते स्वतः कोऱ्हाळ्याला गेले आणि पत्र खिशात घेऊनच परत आले. ती पुन्हा कधी आली नाही.

पुढे मी निविदांची पत्रे लिहिली, लग्नपत्रिकांचे पत्ते छापले. १९९९ च्या डिसेंबरमध्ये कुणीतरी सांगितले की नव्या सालाची तारीख मला कळणार नाही, म्हणून माझी वायर काढली. तेव्हापासून ही चादर.

मित्रांनो, माझी धूळ झटका असे मी म्हणणार नाही. माझ्यानंतर खूप वेगवान यंत्रे आली आहेत, आणि तुमच्यातले कुणीतरी उद्या त्यांच्यासमोर बसून मोठ्या कामांच्या पट्ट्या आखेल. तेव्हा तारीख अलीकडे आणण्यासाठी एखादा दिवस कामाचा करायचा मोह होईल. तो करण्याआधी उठा, चपला घाला आणि कामावरच्या माणसांकडे जा. त्या दिवशी कितीजण येणार आणि काठावर कोण उभे राहणार, हे त्यांच्या तोंडून ऐका. यंत्राला ते विचारता येत नाही. मला सोळा मेच्या दुपारी माहीत असलेली एकच गोष्ट सांगता आली, की तारीख जमते आहे. एक बाप ती ऐकून हसला, आणि ती ऐकवणारा मी होतो.