ओस्नेसच्या मेंढ्या

१९४३ साली लंडनमधल्या आमच्या नॉर्वेजियन कचेरीत माझं काम एवढंच होतं की, मायदेशाहून स्वीडनमार्गे येणारी वर्तमानपत्रं वाचायची. बातम्या जर्मनांच्या मर्जीच्या असत, त्या मी सोडून द्यायचो. जाहिराती वाचायचो. रेशनकार्डाचा रंग बदलला, बोटीची वेळ बदलली, की टिपून ठेवायचो, म्हणजे आम्ही पलीकडे उतरवलेला माणूस असल्या बारीकशा चुकीपायी पकडला जाऊ नये. त्याआधी मी बेर्गनला ग्रंथपाल होतो. या कामाला लागणारा एकच गुण माझ्यात होता, मला वाचनाचा कंटाळा येत नसे.

ऑक्टोबरात एका जुन्या साप्ताहिकात चार ओळी दिसल्या. ओस्नेस येथील बावीस मेंढ्या, दोन गाई आणि एक होडी यांचा सरकारी हुकमाने लिलाव.

ओस्नेस हे आमचं गुप्त ठाणं होतं. खाडीकाठचं एकाकी शेत, मालकीण गुनवर नावाची विधवा. तिच्या माळ्यावर बसून आमचा माणूस मार्चपासून बिनतारी संदेश पाठवत होता. दर आठवड्याला तेच, सगळं ठीक, माणसं पाठवा. पण खाडीकाठची बाई आपण होऊन होडी विकत नाही. सरकारनं विकली म्हणजे बाई पकडली गेली होती. मग माळ्यावरून बोलत होतं कोण?

कात्रण घेऊन मी कॅप्टन ब्रेक्केकडे गेलो. त्याचा ओस्नेसवर फार जीव. इंग्रजांची त्या किनाऱ्यावरची ठाणी एकेक करून मुकी झाली होती, आमचं तेवढं बोलत होतं. आलेल्या प्रत्येक पाहुण्याला तो नकाशावरची ती टाचणी दाखवी. त्याने कात्रण दोनदा वाचलं आणि पाहतो म्हणाला.

तीन दिवसांनी त्याने मला बोलावलं. खुशीत होता.

"विचारलं मी त्यांना."

"कुणाला?"

"ओस्नेसला. वर्तमानपत्रात लिलावाची जाहिरात आली आहे, खुलासा करा, असं कळवलं. आला खुलासा. तो लिलाव खोऱ्यातल्या दुसऱ्या ओस्नेसचा. नाव तेच, शेत वेगळं."

यंत्रावर जर्मन बसला असेल, तर आम्ही जर्मनालाच विचारलं होतं, बाबा रे, तू जर्मन आहेस का? शिवाय कोणत्या जाहिरातीने त्याचं बिंग फोडलं तेही सांगून मोकळे झालो होतो. हे मी बोललो, पण याहून फार थोड्या शब्दांत आणि फार हळू आवाजात.

आमच्या कपाटात त्या खोऱ्यातल्या शेतांचं पुस्तक होतं. आमच्याकडे माणूस आडनाव शेतावरून घेतो, त्यामुळे अशा पुस्तकांत तीनशे वर्षांतलं एकेक शेत आणि एकेक घर नोंदलेलं असतं. मी पाहिलं. ओस्नेस एकच होतं. पुस्तक घेऊन पुन्हा गेलो, तर ब्रेक्केने आधी छपाईचं साल पाहिलं. १९०८.

"पस्तीस वर्षांत शेताच्या वाटण्या होत नाहीत, नेसहाइम? तुमच्या घरच्या शेताचे किती तुकडे झाले?"

मी खरं ते सांगितलं. पाच. टंकलेखनाच्या टेबलावर हसू फुटलं.

"बसा मग. पुस्तकं वाचून युद्ध जिंकता आलं असतं, तर तुम्हाला केव्हाच जनरल केलं असतं."

तेवढं मला पुरलं. आधी मला पुस्तकाबद्दल शंका आली, मग कात्रणाबद्दल, मग स्वतःबद्दल. या शेवटच्या शंकेला मला कधीच वेळ लागत नाही. पुढे त्या साप्ताहिकाचा नवा अंक आला. एरवी त्यात दोनतीन तरी लिलाव असत. या अंकात एकही नव्हता. तो अंक मी ब्रेक्केला दाखवला नाही. टेबलाच्या खणात ठेवला.

मंगळवारी दुपारी तोर्गिल्स आपली खोटी कागदपत्रं न्यायला आला. त्याच खाडीतला होड्या बांधणारा, गुनवरचा भाचा. त्याच संध्याकाळी ओस्नेसला निघणार होता. त्याने कुठून तरी अर्धा किलो खरी कॉफी मिळवली होती. मावशी तीन वर्षं भाजलेल्या वाटाण्यांचं पाणी पितेय, म्हणाला.

मग माझ्या टेबलावर टेकून त्याने विचारलं, "मास्तर, तुम्ही आमच्याकडचं बारीकसारीक सगळं वाचता. मावशीकडे ठीक आहे ना?"

ब्रेक्केच्या खोलीचं दार उघडं होतं. तो अंक माझ्या गुडघ्यापासून वीतभर अंतरावर होता.

"ठाणं बोलतंय," मी म्हणालो.

"म्हणजे ठीक."

"हो."

परत येताना तुमच्यासाठी सुकवलेली तंगडी आणतो, म्हणाला तो, मावशीच्या मेंढ्यांची सर कुणाच्या मेंढ्यांना नाही. आणि गेला.

नऊ दिवसांनी संदेश आला. माणूस पोचला. कॉफीबद्दल गुनवरचे आभार. आणखी दोघे पाठवा.

ब्रेक्के तो कागद स्वतः माझ्या टेबलाशी घेऊन आला. टोमणा मारायला नव्हे, मला धीर द्यायला. त्या दिवशी त्याने कचेरीत सगळ्यांना जॅम लावून वॉफल खाऊ घातले. मी दोन खाल्ले. त्या दोघांची कागदपत्रंही मीच तपासली, कार्डांचे रंग अगदी बरोबर होते.

युद्ध संपल्यावर ओस्लोत चौकशी समिती बसली. ब्रेक्केने निवेदन वाचलं, त्यात शत्रूच्या कसबाला दोन पानं दिली होती. गुनवर छावणीतून जिवंत परतली होती. केस पार गेले होते, डोक्याला रुमाल बांधला होता. तिला सप्टेंबरातच पकडलं होतं. तोर्गिल्सला धक्क्यावरच पकडलं आणि नंतर गोळी घातली, हे तिला शेजाऱ्यांकडून कळलं होतं. तिने एवढंच विचारलं, "निघण्याआधी माझ्या पोराला कुणीच काही सांगितलं नाही का?"

ब्रेक्के हळुवारपणे म्हणाला, "बाई, तेव्हा कुणालाच काही माहीत नव्हतं."

मी त्याच्या शेजारच्या खुर्चीवर होतो. तो अंक माझ्या बॅगेत होता, तिला दाखवायलाच आणला होता. तिने माझ्याकडे पाहिलं. मी बॅग उघडली नाही.