सगळीकडून दिसणारा दिवा

उदबत्त्यांचा अख्खा पुडा पेटवून अनंत शिडी चढू लागला, तेव्हा खाली लालासाहेबांनी सवयीने हात जोडले. मग वर देव नसून तुळईला लटकलेली प्लास्टिकची बशी आहे हे ध्यानात येऊन त्यांनी तेच हात पाठीमागे बांधले.

बशी म्हणजे धूर हुंगणारा डिटेक्टर. लालासाहेबांच्या आष्ट्याच्या बारदानाच्या गोदामात अशा बऱ्याच बशा होत्या. धूर लागला की भोंगा बोंबलायचा, आणि ज्या बशीला धूर लागला तिच्या कडेला ज्वारीच्या दाण्याएवढा तांबडा दिवा लागायचा. दिवा बघायचा आणि त्याच्याखाली आग शोधायची, असा सरळ हिशेब. फक्त दिवा एकाच अंगाला होता. बशा बसवताना लालासाहेबांनी जातीने उभं राहून सगळे दिवे पूर्वेकडे करून घेतले होते. दक्षिणेकडे तोंड करून दिवा लावतात तो गेलेल्या माणसासाठी. धंद्याच्या जागेत तसला अपशकुन कशाला?

राखणदार कोंडीबा मात्र दक्षिणेच्या दारात बसायचा. मागच्या फाल्गुनात भोंगा वाजला, तो आत शिरला, वर बघितलं तर एकही दिवा पेटलेला दिसेना. भोंगा एरवी विडीच्या धुरानेही ओरडायचा. कोंडीबा खात्री करायला आणखी आत गेला. आग अशी नव्हतीच, चार पोती धुमसली एवढंच. पण धूर पोत्यांचा. उमेदीची सगळी वर्षं फौजेत घालवून सीमेवरून धड परत आलेला माणूस आष्ट्यात बारदानाच्या गठ्ठ्यांपाशी गुदमरून पडलेला सापडला.

बशी मूळची अनंतची. साताऱ्याच्या कारखान्यात त्यानेच ती आखली होती. तेव्हापासून तो कुठेही गेला, थेटरात, बँकेत, मंगल कार्यालयात, तरी आधी दिवा जिथून दिसणार नाही असा कोपरा शोधायचा. कोपरा सापडला की तिथे कोंडीबा उभा असायचा. गळ्याला मफलर. तक्रार काही करायचा नाही. नुसता वर बघत राहायचा.

वर्षभर खपून अनंतने नवी बशी केली. हिच्या कमरेला दुधी कडं होतं. आतला दिवा लागला की सगळं कडं तांबडं व्हायचं. परीक्षा म्हणून तो कधी पलंगाखाली निजायचा, कधी कपाटामागे उभा राहायचा. "हे घरात आहेत का, असं कुणी विचारलं तर हल्ली वाकून बघावं लागतं," असं त्याची बायको शकुंतला शेजारणीला शांतपणे सांगायची. ही बशी आष्ट्याला लागली की कोंडीबाला दिवा दिसेल, आणि मग तो जाईल, असं अनंतने मनाशी धरलं होतं. कागदावर मांडण्याजोगं ते नव्हतं.

"सगळीकडनं दिसतोय म्हणताय," लालासाहेब खालून म्हणाले, "म्हंजे दक्षिणेला बी?"

"सगळीकडे म्हटल्यावर दक्षिण आलीच."

"मग तेवढी बाजू काळ्या चिकटपट्टीनं झाका की."

"दिवाळीत यमाचा दिवा दक्षिणेलाच लावता ना? अवेळी मरण येऊ नये म्हणून?"

"त्यो एक दिस. तुमी बारमाही लावताय. यमाला वाटंल, गड्यानं पत्ताच कळवलाय."

दोघे हमाल हसले आणि लगेच गप्प झाले. दक्षिणेच्या दारात, कोंडीबाच्याच स्टुलावर, त्याची बायको लीलाबाई बसली होती. तिला आपण कामावर ठेवलं, हे लालासाहेब तालुक्यात सगळ्यांना सांगून चुकले होते.

अनंतने उदबत्त्या बशीखाली धरल्या. भोंगा बोंबलला. बाळासो हमालाने तो बंद केला. कडं तांबडं झालं. बशीचं बटण दाबेपर्यंत ते आता तसंच राहणार होतं.

"पूर्वेकडून?"

"दिसतोय," भाऊसो हमाल म्हणाला.

"पश्चिमेकडून?"

"दिसतोय की," बाळासो म्हणाला.

उत्तरेला लालासाहेब स्वतः होते. त्यांनाही दिसला, नाइलाजाने. दक्षिणेला कुणीच उभं राहिलं नव्हतं.

लीलाबाई स्टुलावरून उठली. दारापासून आत यायला गठ्ठ्यांच्या थप्प्यांमधून एक वाकडा बोळ होता. पदर खोचून ती त्यात आडवी होऊन शिरली, आणि कोंडीबा सापडला होता त्या जागी जमिनीवर उताणी निजली. शिडीवरून उतरलेल्या अनंतला थप्प्यांच्या फटीतून तिचे तळवे तेवढे दिसत होते.

"हितनं न्हाई दिसत," ती म्हणाली.

"आवं लीलाबाई, हुबं राहून बघा की," लालासाहेब म्हणाले.

"ह्ये हुबं न्हवतं सापडलं, आण्णा."

लालासाहेब बोळाच्या तोंडाशी आले.

"काय आडवं येतंय?" त्यांनी विचारलं.

"ह्ये बोळातलं गठ्ठं."

हमालांनी दाराकडून एक थप्पी बाहेर काढली.

"आता?"

"न्हाई."

दुसरी काढली.

"ह्या अंगाची बी काढा, आण्णा."

तिसऱ्या थप्पीला लालासाहेबांनी टोपी काढून ठेवली आणि गठ्ठ्याचं एक टोक स्वतः धरलं. "सगळीकडनं दिसतोय म्हणं," ते अनंतला म्हणाले, "एका बाईला दावता येईना तुमाला."

अनंतचं तोंड उतरलं. गठ्ठे बाजूला, दिवा वर. आडवं येणार काय? त्याला राहवेना. तो बोळात शिरला आणि लीलाबाईच्या उशाशी हातभर अंतर ठेवून तोही उताणा निजला.

वर कडं पुरतं दिसत होतं, तांबडंलाल. गठ्ठ्यांचा आणि त्याचा संबंधच नव्हता. पहिल्यापासून नसणार.

लीलाबाई वर बघतच नव्हती. तिची मान दाराच्या बाजूला वळलेली होती. अनंतने तिकडे बघितलं. बोळाच्या वळणावर गठ्ठ्यांची एक रांग अजून उभी होती, आणि तिच्यावरून उन्हाची बोटभर पट्टी येत होती. दार हाकेच्या अंतरावर होतं. पण कोंडीबाच्या जागेवरून ते दिसत नव्हतं.

"काय ओ इंजिनेर," पलीकडून लालासाहेबांनी धापा टाकत विचारलं, "दिसला का?"

लीलाबाईने मान वळवून अनंतकडे बघितलं.

"नाही," अनंत जमिनीवरून म्हणाला. "अजून एक रांग काढा."