भेगेवर चिकटवलेला कोल्हा

मी बोलतोय, जयंतचं काळं हेल्मेट. मधेच माझा आवाज चढला तर चढू द्या. इतकी वर्षं गप्प होतो.

कॅनडातल्या एका कारखान्यात माझा जन्म झाला. बाहेर कडक प्लास्टिक, आत फोम. कवटी फुटू द्यायची नाही, एवढंच माझं काम. आतला मेंदू हादरला तर मी काही करू शकत नाही. हे सांगितलं कोणी? उलट, मी डोक्यावर आहे म्हणून सगळे जास्तच जोरात धडकायचे!

१९८७ साली जयंत आइस हॉकीचा प्रोफेशनल खेळाडू झाला आणि मी त्याच्या वाट्याला आलो. त्याची आई, डॉ. सुनीती, इंग्लंडातल्या साउथहॅम्प्टनच्या हॉस्पिटलमध्ये नोकरीला होती.

"पायात सुऱ्या बांधून मारामारी करायची, याला जॉब म्हणतात का रे?"

"आई, मी डिफेन्समध्ये आहे. मारामारी इज पार्ट ऑफ इट!"

दोन वर्षांनी एका धिप्पाड गड्याने त्याला रिंकच्या कडेच्या फळीवर आपटलं. मला भेग गेली. जयंत उठला आणि थेट समोरच्या टीमच्या बाकावर जाऊन बसला. लोक हसले. कोच जयंतला 'जे' म्हणायचा; तोही हसला, "चुकीच्या घरी शिरलास, जे!" नाकाखाली उग्र वासाची बाटली धरली आणि त्याला पुन्हा बर्फावर ढकललं. माझ्या भेगेवर क्लबचं चिन्ह असलेल्या कोल्ह्याचं स्टिकर चिकटवलं. झाली दुरुस्ती.

घरी आईने त्याच्या डोळ्यांत टॉर्च मारला. मग म्हणाली, "सातचा पाढा म्हण."

लहानपणी शाळेच्या वाटेवर तिनेच तो घोकून घेतला होता. जयंतने सत्तरपर्यंत धडाधड म्हटला. आईचा चेहरा सैल झाला.

"आई, त्याने मला तीनदा विचारलं, आपण जिंकलो का," बहीण शिल्पा म्हणाली. "समथिंग इज राँग."

"दमलाय गं. एकदा तरी अडखळला का?"

पुढे प्रत्येक धडकेनंतर हेच. जयंत दिवसा पडदे ओढून बसू लागला. माझा पट्टा लावताना त्याची बोटं चुकू लागली. मॅचआधी ड्रेसिंग रूममध्ये तो पुटपुटायचा, सात चोक अठ्ठावीस, सात पाचे पस्तीस. "जे देवाला हाक मारतोय!" पोरं ओरडायची. आईपुढे पास व्हायची तयारी होती ती!

१९९३ मध्ये तो शेवटचा पडला. मला साधा ओरखडाही आला नाही. स्थानिक पेपरने छापलं, 'हेल्मेटमुळे वाचला.' वाचला? छापणाऱ्याने एकदा घरी येऊन बघायचं होतं!

आता मी साउथहॅम्प्टनच्या घरात खुंटीवर असतो. माझं एकच मागणं आहे. धडकून आलेल्या पोराला पाढे विचारू नका. पाढे शेवटपर्यंत टिकतात. आत्ता कुठून आलास, कोणाशी खेळलास, ते विचारा. उत्तर आलं नाही, तर कोच कितीही ओरडो, मला त्याच्या डोक्यावर चढवू नका. आणि शिल्पासारखं कोणी बोललं, तर ऐका.

आई हल्ली पाढा विचारत नाही. पण जयंत रोज सकाळी मला खुंटीवरून काढतो, पट्टा चाचपडत लावतो, आणि चहा घेऊन आलेल्या आईला अदबीने विचारतो,

"डॉक्टर, आज मॅच आहे ना?"

उजाडलंय. पावलं वाजतायत. तो येतोय.